बाटवले की उद्धरले?

गेल्या महिन्यात नाशिकमधल्या एका सभागृहात मिशनऱ्यांच्या ग्रामीण भागातल्या कामावर दोन वक्त्यांचा वाद ऐकला. एकाचे म्हणणे, मिशनऱ्यांनी जिल्ह्यातल्या गोरगरिबांना आणि आदिवासींना बाटवले. दुसऱ्याचे म्हणणे, त्यांनी त्यांना उद्धरले. दीड तास हेच चालले आणि टाळ्या दोघांनाही पडल्या. मी आयुष्यभर मराठी शिकवले, त्यातली नऊ वर्षे पेठ तालुक्यात, म्हणून असेल, पण माझे लक्ष राहून राहून क्रियापदांकडे जात होते. दोन्ही वाक्यांत कर्ता एकच, मिशनरी. दोन्ही वाक्यांत कर्मही एकच, तो गरीब माणूस. त्याने स्वतः काही केले, काही पारखले, काही नाकारले, अशी शक्यता दोघांच्याही वाक्यरचनेत नव्हती. दीड तासात एकाही धर्मांतरिताचे नाव कोणी घेतले नाही, हे मला घरी परतताना जाणवले आणि फार लागले.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मिशनरी धर्मप्रसारासाठी आले, ही गोष्ट खरी. त्यांनी केलेली सेवा खरी होती, हीही गोष्ट खरी. एक सिद्ध केल्याने दुसरी खोटी ठरत नाही, आणि दोन्ही सिद्ध झाल्या तरी हा इतिहास पुरा होत नाही. त्याचा मोठा भाग त्या लोकांचा आहे ज्यांनी मिशनकडून काही घेतले, काही परत केले, आणि कधी मिशनशीच भांडण मांडले. ती आपली माणसे होती. त्यांना वगळून केलेला वाद कितीही तावातावाने केला तरी तो परक्यांविषयीचाच वाद राहतो.

आता विरोधकांच्या बाजूचे जे बळकट आहे ते मान्य करू. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला १८३२ मध्ये ठाणे मांडले. पेशवाई जाऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती. पंचवटी, रामकुंड, त्र्यंबकेश्वर यांच्यामुळे जे गाव देशभर तीर्थ म्हणून ओळखले जाते, तिथेच येऊन बसणे हा योगायोग नव्हता. त्या काळातल्या मिशनरी लिखाणात आपल्या देवदेवतांविषयी, पूजेविषयी, व्रतवैकल्यांविषयी जी भाषा आहे ती आज वाचतानाही बोचते. घाटावर स्नानाला आलेल्या माणसाला तुझे तीर्थ खोटे आहे असे सांगणे म्हणजे संवाद नव्हे. या उद्दामपणामागे राज्यकर्त्यांचा वर्ण आणि वचक होता, हे नाकारणारा माणूस इतिहासाशी प्रामाणिक नाही.

पण इथून पुढे जी उडी मारली जाते, की मिशन म्हणजे इंग्रजी सत्तेचेच एक खाते, तिला पुरावा साथ देत नाही. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते; धर्माच्या कामात हात घातला तर व्यापार आणि सैन्य दोन्ही बिघडेल ही तिची भीती होती. १८१३ च्या सनदेपर्यंत तिने त्यांना आपल्या मुलुखात मोकळीक दिली नाही. विल्यम कॅरी या मिशनऱ्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले ते बंगालमधल्या श्रीरामपूरला राहून, कारण ती डेन्मार्कची वसाहत होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा सरकारने त्यांना आधी निघून जायला फर्मावले. आणि सत्तावन्ननंतर, १८५८ च्या जाहीरनाम्यात, राणीने प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही असे बजावून सांगितले. सत्ता आणि मिशन यांचे हितसंबंध अनेकदा जुळले, अनेकदा एकमेकांच्या आड आले. ज्याला हा गुंता उकलायचा नाही त्याने इतिहासाचे नाव घेऊ नये.

शरणपूरची गोष्ट तर सगळ्यांनी सांगायला हवी, आणि ती कोणीच सांगत नाही. ज्या रस्त्यावर आपल्या महापालिकेचे राजीव गांधी भवन उभे आहे, त्या शरणपूर रोडचे नाव एका वसाहतीवरून आले. १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने शहराबाहेर ती वसवली. धर्म बदलल्यावर ज्यांना घर, भाऊबंद आणि बलुतेदारी सारेच पारखे झाले त्यांच्यासाठी, आणि अनाथ मुलांसाठी. शरण आलेल्यांचे पूर, म्हणून शरणपूर. तिथे शाळा होती, सुतारकाम-लोहारकाम शिकवणारे कारखाने होते. (त्याच रस्त्यावर पुढे तिबेटी निर्वासितांचा स्वेटरांचा बाजार भरू लागला. हिवाळ्यात तिथून जाताना मला प्रत्येक वेळी त्या नावाची आठवण होते.)

आणि तिथे आफ्रिकन मुले होती. हिंदी महासागरात गुलामांचा व्यापार करणारी गलबते इंग्रजी नौदल पकडत असे आणि त्यांवर सापडलेली मुले मुंबईला आणली जात. त्यांतल्या बऱ्याच जणांची रवानगी नाशिकला शरणपूरच्या आश्रमात होई. आफ्रिकेचा शोध घेणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये मुंबई इलाख्यात आला तेव्हा आपल्या मोहिमेसाठी त्याने इथली काही मुले निवडली. आफ्रिकेच्या इतिहासात ती ‘नासिक बॉइज’ म्हणून नोंदली गेली. १८७२ मध्ये त्याच्या मदतीसाठी जी तुकडी आत पाठवली गेली तिच्यात जेकब वेनराइट हा नाशिकमध्ये शिकलेला तरुण होता. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या चितांबो या गावी लिव्हिंगस्टन वारला. त्याचे हृदय तिथल्याच एका झाडाखाली पुरले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. मग त्याच्या सोबत्यांनी ते शव हजाराहून अधिक मैल चालत समुद्रकाठी आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. पुढे प्राइस स्वतः मोंबासाजवळ गेला, तिथे फ्रीअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली आणि नाशिकची कितीतरी आफ्रिकन मंडळी तिथली शिक्षक, कारागीर, पुढे धर्मोपदेशकही झाली.

या मुलांना कोणी विचारले होते का? नाही. माझ्या मते मिशनविरुद्धचा सगळ्यांत जड आक्षेप हाच आहे, आणि गंमत म्हणजे तो सभांमधून क्वचितच मांडला जातो. ज्या मुलाची आई, भाषा, नाव हे सगळे गुलामांच्या बाजारात गेले, त्याला वेनराइट हे नाव देताना आणि त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचे पाणी घालताना त्याच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. दुष्काळातल्या अनाथांचेही तसेच. १८७६ च्या आणि पुढे शतक संपतानाच्या दुष्काळांत दख्खनभर मिशनच्या अनाथालयांत शेकडो मुले आली आणि ख्रिस्ती होऊन मोठी झाली. पोराच्या पोटात अन्न घालताना त्याचा धर्म ठरवून टाकणे हे चूकच होते, आणि ‘तेव्हाची रीतच तशी होती’ या उत्तराने ते बरोबर होत नाही. पण हा आक्षेप घेणाऱ्याने एक पाऊल पुढे टाकून विचारावे की ती मुले तिथे पोचेपर्यंत त्यांना दारात घेणारे दुसरे कोण होते. आणि हेही पाहावे की ज्याला विचारले गेले नव्हते तो जेकब, मोठा झाल्यावर, रोजनिशी ठेवत होता. त्याच्या हातून लिहिले गेलेले शिल्लक आहे. शरणपूर रोडवर त्याच्या नावाची साधी पाटी नाही.

दुसरा मुद्दा आमिषाचा. शाळा, दवाखाना, शिधा हे सगळे आमिष, असे म्हटले जाते. आता आमिष हा शब्द नीट पाहू. आमिष गळाला लावतात, माशासाठी. माणसाची भूक आणि अज्ञान दूर करण्याला हा शब्द लावताना आपण त्या माणसाला मासा म्हणतो आहोत, हे लक्षात येते का? शिवाय हे आमिष खरेच इतके जबर असते तर परिणाम दिसायला हवा होता. मिशनरी या भूमीवर दोनशे वर्षांहून अधिक काळ आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्क्यालाही पोचलेले नाहीत. ज्यांनी शाळा घेतली त्यांतल्या बहुतेकांनी धर्म घेतला नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी तिथून इंग्रजी घेतले, समतेचा विचार घेतला, आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. चर्चमध्ये नाव घातले नाही. मिशनच्या शाळेत बसलेल्या प्रत्येक पोराला स्वतःचे डोके होते, याहून वेगळे त्याचे स्पष्टीकरण काय देणार?

सेवेमागे श्रद्धा असली की सेवा खोटी, हे तत्त्व असेल तर ते सगळ्यांना लावावे लागेल. रामकृष्ण मिशनने आपल्या सेवाकार्याची धार्मिक प्रेरणा कधी लपवली नाही. १९५२ पासून आदिवासी भागात वसतिगृहे आणि दवाखाने चालवणारा वनवासी कल्याण आश्रम आपला विचार उघडपणे सांगतो. गाडगेबाबांनी नाशिकला धर्मशाळा बांधली ती कीर्तनातून पैसा उभा करून. यांतल्या कोणाच्या कामाला मी आमिष म्हणणार नाही. मग पाड्यावरच्या एखाद्या ख्रिस्ती नर्सच्या कामाला तरी का म्हणावे?

आमिषाच्या चर्चेत एक तारीख विसरली जाते. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. मिशन नाशिकला येऊन तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती. रामाच्या दर्शनाला आत येऊ द्या एवढीच मागणी घेऊन आपलेच लोक वर्षानुवर्षे उभे राहिले, दगड झेलले, आणि दार उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही असे बाबासाहेबांनी जाहीर केले. देशातल्या सगळ्यांत मोठ्या धर्मांतराचा निर्धार नाशिक जिल्ह्याच्या मातीत झाला. त्यानंतर ख्रिस्ती धर्मगुरूंनीही त्यांना आपल्याकडे बोलावले. ते गेले नाहीत. उलट मिशनऱ्यांवर त्यांनी जी टीका लिहिली ती आजच्या कुठल्याही विरोधकापेक्षा कठोर आहे, कारण ती मुद्द्याची आहे: धर्म बदलला तरी जात चर्चच्या बाकापर्यंत मागोमाग आली, आणि मिशनने तिच्याशी लढायचे टाळले. एकवीस वर्षे विचार करून त्यांनी १९५६ मध्ये बुद्धाचा मार्ग घेतला. आपण त्याविषयी बोलताना काय म्हणतो? दीक्षा घेतली. क्रियापद बदलले. इथे धर्म बदलणारा माणूस कर्ता आहे. मग हाच मान दिंडोरीच्या शेतमजुराला आणि सुरगाण्याच्या कोकणा जमातीतल्या बाईला द्यायला आपली जीभ का अडखळते?

ख्रिस्ती माणसे स्वतः ‘बाप्तिस्मा घेतला’ असेच म्हणतात. हे ‘घेणे’ काय असते ते पाहायचे तर नाशिकच्याच एका बाईकडे पाहावे. लक्ष्मीबाई टिळक १८६८ मध्ये इथून जवळच्या जलालपूरला जन्मल्या. त्यांच्या आजोबांना सत्तावन्नच्या उठावाच्या प्रकरणात इंग्रजांनी फाशी दिले होते. घरात सोवळ्याचा असा कहर की माणसे पिचून जावीत. नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाई त्याच्यामागे गेल्या नाहीत. त्या रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढले. पुढे एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही; ते त्यांनी एकेक गाठ स्वतः तपासून सोडवले, आणि मगच, पाचेक वर्षांनी, बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांनी मला सांगावे, या बाईला कोणी बाटवले असे म्हणायची कोणाची छाती आहे? आणि हिला कोणी उद्धरले असे म्हणणारा तरी तिला ओळखतो का? फासावर गेलेल्या माणसाची नात इंग्रजी सत्तेची हस्तक झाली, असे म्हणायचे असेल तर ते तिचे पुस्तक हातात धरून म्हणावे.

टिळकांचेही तसेच. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. अभंग रचत, कीर्तन करीत, आणि गोऱ्या मिशनऱ्यांच्या हाताखाली भारतीय ख्रिस्ती कायम राहणार हे त्यांना मान्य नव्हते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला, जिथे ख्रिस्ताचे भक्त परदेशी पैशावर आणि परदेशी पोशाखावर अवलंबून नसतील. मिशनविरुद्धचे हे बंड एका ख्रिस्ती मराठी माणसाचे होते. हे बंड मिशनचे गोडवे गाणाऱ्यांच्या भाषणात येत नाही, कारण त्याने उपकाराची कहाणी बिघडते. कटाची कहाणी सांगणाऱ्यांच्या भाषणातही येत नाही, कारण ‘हस्तक’ म्हणवल्या जाणाऱ्याने मालकाला जाब विचारलेला त्यांना परवडत नाही.

गोडवे गाणाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मिशनऱ्यांनी हा जिल्हा शिकवला, हे अतिशयोक्त आहे. जिल्ह्याच्या खेड्यांत शिक्षण पसरले त्यात १९१४ पासून मराठा विद्या प्रसारक समाजाने उभारलेल्या शाळांचा वाटा फार मोठा आहे. पेठ, सुरगाणा, डांगच्या डोंगरात दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळाने आणि नंतर सरकारी आश्रमशाळांनी जे केले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. मिशन हा अनेकांतला एक प्रवाह होता. तो आधी आला आणि ज्यांना इतर प्रवाह शिवत नव्हते त्यांच्यापर्यंत गेला, हे त्याचे श्रेय. त्याहून जास्त मागितले की बाकीच्यांवर अन्याय होतो.

आणि पाड्यांवरचे आजचे प्रश्न खरे आहेत. काही ठिकाणी प्रार्थनेला जाणाऱ्यांना सांगितले जाते की आता डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात नाचायचे नाही, वाघदेवाला नारळ फोडायचा नाही. मार्गशीर्षात रात्ररात्र पावरी या वाद्याच्या सुरावर चालणारा तो उत्सव ज्याने पाहिला आहे त्याला यात काय तुटते ते कळेल. घरे दुभंगतात, भाऊ भावाच्या लग्नाला जात नाही. प्रार्थनेने आजार बरा होतो असे सांगून रोग्याला दवाखान्यापासून दूर ठेवणारे लोकही आहेत, आणि त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. फसवणुकीसाठी आणि जबरदस्तीसाठी कायदा आहेच. पण डोंगऱ्यादेवाचे रक्षण करायचे तर बाहेरून आलेल्या प्रत्येक देव्हाऱ्याविषयी तोच प्रश्न विचारावा लागेल. गेल्या तीस वर्षांत पाड्यांवर जे गणेश मंडळांचे डीजे आले, जी नवी मंदिरे बांधली गेली, त्यांनी पावरीचा आवाज कमी केला नाही का? आदिवासींच्या स्वतःच्या श्रद्धेची काळजी आहे की आपल्या मोजणीतून डोकी कमी होण्याची, हे आधी ठरवावे. अनुसूचित जमातीच्या सवलती धर्मांतरितांकडून काढून घ्या ही मागणीही त्याच हिशेबातून येते. राज्यघटनेने जमातीचा दर्जा धर्माशी बांधला नाही, कारण जमात रक्ताच्या नात्यांची, बोलीची, जमिनीची आणि वंचनेची असते. प्रार्थना बदलल्याने सातबारा मोठा होत नाही.

पेठला असताना माझ्या वर्गातल्या एका मुलाचा बाप रविवारी प्रार्थनेला जायला लागला. गावात कुजबुज झाली, विहिरीवर टोमणे ऐकू आले. मी त्याला सरळ विचारले, तुम्हाला काय मिळाले? तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, दारू सुटली. दुसरं काय सांगू?” त्याच्या बायकोने चर्चला जायचे नाकारले होते. ती डोंगऱ्यादेवाला जात राहिली. एकाच झोपडीत दोघांनी दोन निर्णय घेतले होते आणि संसार चालू होता. आमिषाला कोण भुलले आणि कोण नाही भुलले, ते कोणत्या सिद्धांताने सांगणार?

धर्मांतराचे कायदे करताना हा माणूस डोळ्यांपुढे ठेवावा असे मला वाटते. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश अशा राज्यांत धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते, आणि आपल्याकडेही तशाच तरतुदींचा आग्रह धरला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे असे सांगितले, त्याचा दाखला दिला जातो. तो निकाल प्रसार करणाऱ्याच्या हक्काविषयी होता. धर्म घेणाऱ्याच्या विवेकाचे काय? घटनेच्या पंचविसाव्या कलमात सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आधी येते आणि प्रसाराचा हक्क नंतर. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे स्वतःशी जो झगडा केला त्याची सूचना त्यांनी कोणत्या कचेरीत आणि कोणत्या तारखेला द्यायला हवी होती? सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी चार चकरा मारणारा माझ्या विद्यार्थ्याचा बाप पन्नासेक किलोमीटरचा घाटरस्ता ओलांडून नाशिकला येईल, कचेरीबाहेर बाकावर नंबराची वाट पाहील, आणि मग टेबलामागचा अधिकारी त्याला विचारील की तुम्हाला कोणी काय दिले. त्याचे उत्तर त्या नमुन्याच्या कोणत्या रकान्यात लिहून घेणार?